पर्यायशब्दांचे मूळ गाव

इंग्रजी शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्याच्या हाती पर्यायशब्दांची जी यादी पडते, तिच्यात फेक, बोगस, फोनी, काउंटरफीट, स्प्यूरिअस हे शब्द ‘बनावट’ या अर्थाखाली आणि फूल, डन्स, इडियट, इम्बेसाइल, मोरॉन हे ‘मूर्ख’ या अर्थाखाली ओळीने मांडलेले असतात, आणि एका ओळीतला शब्द काढून त्याच ओळीतला दुसरा बसवला तरी वाक्याचे काही बिघडत नाही, असा समज त्यातून घट्ट होतो. पीटर मार्क रॉजे या इंग्रज वैद्याने १८५२ मध्ये प्रसिद्ध केलेला थिसॉरस, म्हणजे वर्णानुक्रमाऐवजी अर्थाच्या नात्याने शब्द एकत्र आणणारा संग्रह, या याद्यांचा पूर्वज मानता येईल. परंतु त्यात शब्दांच्या व्याख्या नव्हत्या, त्यामुळे शब्द आधीपासून माहीत असून ऐनवेळी न आठवणाऱ्याला तो जितका उपयोगी पडे, तितका शब्द नव्याने शिकणाऱ्याला पडत नसे.

हा समज निरुपद्रवी नाही. भारताच्या १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात मिसब्रँडेड, अडल्टरेटेड आणि स्प्यूरिअस अशा औषधांच्या तीन वेगळ्या व्याख्या आहेत: पहिल्यात वेष्टनावरील मजकूर दिशाभूल करणारा असतो, दुसऱ्यात भेसळ असते, आणि तिसऱ्यात एका औषधाने दुसऱ्या औषधाचे नाव किंवा रूप घेतलेले असते. लॅटिनमध्ये स्पूरिअस म्हणजे अनौरस संतती, आणि जे ज्या कुळाचे म्हणवते त्या कुळाचे नसते ते स्प्यूरिअस, हा जुना अर्थ कायद्याच्या व्याख्येतही तग धरून आहे. वर्तमानपत्रे मात्र तिन्ही प्रकारांना सरसकट ‘बोगस औषध’ म्हणतात आणि वाचकाला नेमका आरोप कोणता, हे कळत नाही.

‘बनावट’ या अर्थाचे बरेच इंग्रजी शब्द बाजारातून आणि ठकांच्या सांकेतिक बोलीतून वर आले आहेत. पिंचबेक हा शब्द ख्रिस्तोफर पिंचबेक या लंडनच्या घड्याळजीच्या नावावरून आला असून १७३२ मध्ये निधन पावलेल्या या कारागिराने तांबे आणि जस्त यांचा सोन्यासारखा दिसणारा मिश्रधातू तयार केला होता. फोनी या शब्दाचे मूळ बहुतेक अभ्यासक अंगठी या अर्थाच्या आयरिश शब्दात शोधतात. फ्रान्सिस ग्रोस यांच्या बाजारू इंग्रजीच्या कोशात, ज्याची पहिली आवृत्ती १७८५ मध्ये निघाली, अंगठीच्या आधारे होणाऱ्या एका फसवणुकीची रीत दिलेली आढळते: ठक पितळेची, सोन्याचा मुलामा चढवलेली अंगठी रस्त्यात टाकी, सावज जवळ येताच ती सापडल्याचा बहाणा करून उचली, आणि सोन्याच्या भावाहून स्वस्त पण पितळेच्या भावाहून कितीतरी पटींनी महाग अशी त्याच्या गळ्यात मारी. घेणाऱ्यालाही आपण घबाड साधले असे वाटे; फसवणूक वस्तूइतकीच ठकाच्या नाटकातही होती, आणि म्हणूनच बनावट नोटेला काउंटरफीट, पण आपलेपणाचे नाटक करणाऱ्या माणसाला फोनी म्हणणे शोभते. हा शब्द टेलिफोनवरून आला, कारण फोनवर माणूस खोटे बोलू शकतो, ही कल्पना लोकव्युत्पत्तीचा, म्हणजे नादसाम्यावरून रचलेल्या उगमकथेचा, नमुना आहे.

बोगस या शब्दाने कोशकारांना सर्वांत जास्त छळले आहे, आणि त्याचा वाद तपशिलात पाहण्याजोगा आहे, कारण व्युत्पत्तीचा पुरावा म्हणजे काय, हे त्यातून स्पष्ट होते. अमेरिकेतील ओहायो राज्यात पेन्सव्हिल या गावी १८२७ मध्ये खोटी नाणी पाडणाऱ्या टोळीकडे एक चमत्कारिक यंत्र सापडले, जमलेल्या गर्दीतल्या कोणीतरी त्याला ‘बोगस’ म्हटले, आणि स्थानिक वृत्तपत्राने तो शब्द उचलला, असे त्या पत्राचे संपादक एबर हाउ यांनी पुढे आत्मचरित्रात नोंदवले. येथे शब्द यंत्राचा वाचक आहे. तो नाण्याकडे आणि नाण्यावरून प्रत्येक खोट्या वस्तूकडे नंतर सरकला. पुढे १८५७ मध्ये बोस्टनच्या एका वृत्तपत्राने असे छापले की, सुमारे २० वर्षांपूर्वी बोर्गीज नावाच्या भामट्याने अस्तित्वात नसलेल्या बँकांच्या नोटा पश्चिमेकडे खपवल्या आणि त्याच्याच नावाचा अपभ्रंश होऊन बोगस झाले. ही कथा आजही मोठ्या हौसेने सांगितली जाते, पण ती दोन ठिकाणी कोसळते: २० वर्षांपूर्वी म्हणजे १८३७ च्या सुमारास, तेव्हा शब्द रूढ होऊन दशक उलटले होते, आणि बोर्गीजचा धंदा नोटांचा, तर शब्दाचा जन्म नाण्यांच्या साच्यापाशी झालेला. पश्चिम आफ्रिकेतील हौसा भाषेत बोको म्हणजे खोटेपणा, म्हणून गुलामांबरोबर तो शब्द अमेरिकेत आला, असे दुसरे मत आहे आणि ते आकर्षकही आहे, परंतु हौसा बोलणारा माणूस आणि ओहायोतील खोटी नाणी पाडणारे यांना जोडणारा एकही दुवा लिखित स्वरूपात पुढे आलेला नाही. व्हरमाँट भागात कोणत्याही विद्रूप वस्तूला लावला जाणारा टँट्राबोगस हा बोलीशब्द कालाने आणि स्थळाने अधिक जवळचा असल्यामुळे त्याचे पारडे जड वाटते, तरीही प्रामाणिक कोशात ‘मूळ अनिश्चित’ असेच लिहावे लागते. वर्षानुवर्षे जुनी कागदपत्रे चाळून हे दोन शब्द लिहिणे याला वाचक अपयश समजतो. वस्तुतः कोशकाराच्या कामाची प्रतिष्ठा तेथेच आहे. हा अनिश्चित मुळाचा शब्द मराठीत मात्र असा रुजला आहे की बोगस बियाणे, बोगस मतदार, बोगस डॉक्टर म्हणताना तो परका आहे याची कोणाला आठवणही होत नाही.

दोन्ही ओळींत पाय असलेला शब्द म्हणजे मराठी घरांतही ऐकू येणारा डफर. ग्रोस यांच्या कोशातील डफर हा लंडनच्या स्ट्रँड भागात सेंट क्लेमेंट चर्चसमोर उभा राहून चोरटा परदेशी माल असल्याचे भासवी आणि खेड्यातून आलेल्यांना लंडनमधल्याच स्पिटलफील्ड्सचे कापड दुप्पट भावाने विकी; एकोणिसाव्या शतकात मात्र डफर म्हणजे मठ्ठ माणूस असा अर्थ रूढ झालेला दिसतो. फसवणाऱ्याचे नाव मठ्ठाला मिळाले, की मंदबुद्धी या अर्थाचा स्कॉटिश शब्द स्वतंत्रपणे येऊन मिसळला, याबद्दल एकमत नाही.

मूर्खवाचक शब्दांची कुळी निराळी आहे, आणि तिचा इतिहास अधिक क्लेशकारक आहे. जॉन डन्स स्कोटस हे १३०८ मध्ये निवर्तलेले सूक्ष्मबुद्धीचे तत्त्वज्ञ. पुढे सोळाव्या शतकात नव्या विद्येच्या पुरस्कर्त्यांनी त्यांच्या अनुयायांची हेटाळणी केली आणि डन्स म्हणजे ढ असे झाले. ग्रीकमधील इडिओटेस म्हणजे सार्वजनिक पद नसलेला खाजगी माणूस. त्याचा अडाणी आणि मग इडियट झाला. चांगला किंवा तटस्थ अर्थ असा खाली घसरण्याला अर्थापकर्ष म्हणतात. मोरॉनच्या बाबतीत मात्र घसरण वेगळ्या वाटेने, शास्त्रातून शिवीकडे झाली. हेन्री गॉडर्ड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९१० मध्ये ग्रीक धातूवरून हा शब्द मुद्दाम घडवला आणि बुद्धिमापन चाचणीनुसार ज्यांचे मानसिक वय ८ ते १२ वर्षांचे ठरे, त्या प्रौढांना तो लावला. ३ ते ७ वर्षांसाठी इम्बेसाइल आणि त्याखाली इडियट, अशी ती श्रेणी होती. ज्यांनी आज मुले खेळताना एकमेकांना हाका मारतात, त्या या शब्दांनी तेव्हा माणसांचे भवितव्य ठरवले जाई. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२७ मध्ये कॅरी बक या तरुणीच्या सक्तीच्या नसबंदीला मान्यता दिली, ती तिची आई, ती स्वतः आणि तिची तान्ही मुलगी अशा तीन पिढ्यांना इम्बेसाइल ठरवून. तीच मुलगी पुढे शाळेत गुणवंतांच्या यादीत आली. शालेय कोशांत अशा शब्दांपुढे नुसते ‘मूर्ख’ छापणे ही अक्षम्य काटकसर आहे. आणि हा इतिहास केवळ परदेशाचा नाही: १९१२ च्या भारतीय ल्युनसी कायद्यात ल्युनॅटिक या संज्ञेची व्याख्याच इडियट किंवा मन ठिकाणावर नसलेली व्यक्ती अशी केलेली होती, १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा त्याच्या जागी येईपर्यंत तीच व्याख्या येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथील मनोरुग्णालयांना लागू होती, आणि १८६९ च्या भारतीय घटस्फोट कायद्याच्या १९ व्या कलमात विवाह रद्द ठरवण्याच्या कारणांमध्ये इडियट हा शब्द कायदेशीर संज्ञा म्हणूनच घातला गेला.