जू

ऊसतोडीच्या दिवसांत पलूसला आलात, तर कारखान्याच्या वाटेवर एखाद्या बैलगाडीच्या तोंडाशी या स्वारीची गाठ पडेल. नाव जू. ओळख करून देतो, कारण याच्याविषयी बरं बोलणारं माणूस सहसा भेटत नाही.

बदनामी जुनी आहे. जोखड म्हटलं की आपल्याला ते झुगारणंच आठवतं. त्यात शेजारचं कुंडल म्हणजे प्रतिसरकारचं गाव. इंग्रजांपुढं मान न वाकवलेल्या या मुलखात जुवाला मान कोण देणार? आणि तरी येशूला हेच आवडलं. मत्तयाच्या 11व्या अध्यायात तो स्वतःला सौम्य म्हणवतो आणि त्याच दमात, माझं जू घ्या, असं सांगतो.

स्वारी चोखंदळही फार. किर्लोस्करवाडी 1910 मध्ये वसली, लोखंडी नांगर शिवारात आले. पण ते ओढायलाही लाकडाचं जूच लागलं. माप जराही चुकलं तर हे बैलाचा खांदा सोलून काढतं. म्हणून सुतार बैलाची मान बघतो, मग रंधा मारतो. दुसऱ्या शतकातला ख्रिस्ती लेखक जस्टिन लिहून गेलाय की येशू सुतारकाम करी तेव्हा नांगर आणि जुवं बनवी. मराठी बायबलात त्याच्या जुवाला ‘सोयीचं’ म्हटलंय. हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. जू सोयीचं कधी होतं, हे ज्यानं ते हातानं घडवलं त्यालाच कळणार.

एकट्याशी याचं जमत नाही. याला दोन माना लागतात. नवा खोंड शिकवायचा तर दुसऱ्या बाजूला मुरलेला बैल हवा. खोंड उधळतो, शिवळ मोडतो, आडवा पडतो. मुरलेला आपली चाल सोडत नाही. चार दिवसांत खोंडाची पावलं त्याच्या पावलांशी जुळायला लागतात. माझं जू घ्या म्हणणारा दुसऱ्या बाजूला स्वतः उभा आहे, असं मी मानतो.

आता जुवावरचा मोठा आळ. जू बैलाला दुबळा करतं म्हणे! मग उसानं भरलेली गाडी चढाला कोण ओढतं? सौम्य माणूस म्हणजे गरीब गाय, मऊ लागलं की कोपरानं खणावं, असं समजणाऱ्यांनी चढाला गाडी लागली की बैलाचा खांदा बघावा. मत्तयाच्याच 5व्या अध्यायात सौम्यांना अख्ख्या पृथ्वीचं वतन कबूल केलंय. वतनापायी या भागात भावाभावांत किती डोकी फुटली, ते वेगळं सांगायला नको.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचंच घ्या. भारी तापट माणूस; पत्नी लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त ते झाकलेलं नाही. 1895 मध्ये ख्रिस्ती झाले म्हणून रक्त थंड झालं नाही. पण 1917 मध्ये मिशनचा पगार सोडून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला आणि बाप्तिस्मा घेतलेल्या, न घेतलेल्या सगळ्याच ख्रिस्तभक्तांना हाक दिली. त्या तापट माणसानं मान स्वतःहून पुढं केली होती. मला सौम्यपण ओळखू येतं ते इथं. जन्मतःच शांत असणाऱ्याला त्यासाठी काय मोजावं लागतं?

बेंदराला, बैलांच्या सणाला, मात्र जू रुसतं. आदल्या संध्याकाळी खांदमळणी होते, हळद-लोण्यानं बैलांचे खांदे चोळतात. दुसऱ्या दिवशी शिंगं रंगवलेले बैल वाजतगाजत गावातून फिरतात आणि हे गोठ्याच्या भिंतीला टेकून एकटं उभं. त्याला कोणी झूल घालत नाही.

तेव्हा बेंदराला आलात तर मिरवणुकीआधी गोठ्यात डोकावा. जुवावरून एकदा हात फिरवा. बाकी सगळं खरबरीत लागेल. मान टेकते तेवढीच जागा गुळगुळीत असते.