कपाटातले चित्रपट

आमच्या माडीवर वडिलांच्या वेळचे एक सागवानी कपाट आहे. कोणे एके काळी त्यात भाताचे बियाणे आणि जमिनीची कागदपत्रे असत. गेली कित्येक वर्षे त्यात चित्रपट आहेत. वरच्या दोन कप्प्यांत व्हीएचएस कॅसेट, मधल्या कप्प्यात व्हीसीडी व डीव्हीडी, आणि खालच्या खणात शर्टाच्या खिशात मावेल एवढी एक हार्ड डिस्क. साऱ्या कपाटातला ऐवज आज त्या एका डबीत सामावतो. तरीही वरचे कप्पे रिकामे करण्याची कल्पना मला सोसत नाही. त्यामागे एक कारण आहे, ते पुढे येईलच.

चित्रपटांचे वेड मला वडिलांकडून मिळाले. आमचे गाव वसईच्या पट्ट्यातले. माझ्या लहानपणी उपवासकाळात चर्चच्या पटांगणात पांढरा पडदा ताणून चित्रपट दाखवीत. 'टेन कमांडमेंट्स' (1956) आणि 'साँग ऑफ बर्नाडेट' (1943) हे दोन चित्रपट मी तेथेच वाळूत बसून पाहिले. इंग्रजी कळणारे आमच्यात थोडेच, पण समुद्र दुभंगला तेव्हा सारे पटांगण श्वास रोखून बसले होते. पडद्याचे बांबू रोवण्याचे काम वडिलांकडे असे. चित्रपट सुरू झाला की ते मागे प्रोजेक्टरपाशी जाऊन उभे राहत आणि पडद्यापेक्षा त्या फिरणाऱ्या रिळाकडेच अधिक पाहत. चित्रपट धार्मिकच हवा, असा त्यांचा आग्रह मुळीच नव्हता. 'प्रभात'चे चित्रपट त्यांना विशेष प्रिय. त्यातही 'शेजारी' (1941). व्ही. शांताराम यांच्या त्या चित्रपटातील पाटील आणि मिर्झा या दोन मित्रांची कथा ते आम्हांला ओटीवर बसून सांगत. केशवराव दाते आणि गजानन जागीरदार यांची नावे मला शाळेच्या पुस्तकाआधी वडिलांच्या तोंडून कळली. शेवटी धरण फुटते आणि दुरावलेले ते मित्र हातात हात घालून मृत्यूला सामोरे जातात, हा प्रसंग सांगताना त्यांचा आवाज जड होई.

पुढे मी नोकरीला लागलो, घरात दूरचित्रवाणी संच आला आणि 1987 साली व्हीसीआर आला. चित्रपट आपल्या घरात, आपल्या मालकीचा असू शकतो, ही गोष्ट त्या काळी नवलाचीच होती. दूरदर्शनवर जुना चित्रपट लागणार असे वर्तमानपत्रात वाचले की मी कोरी कॅसेट घेऊन सज्ज बसे. अशा रीतीने आचार्य अत्रे यांचा, पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळविणारा 'श्यामची आई' (1953) आमच्या कपाटात आला. दामले-फत्तेलाल यांचा 'संत तुकाराम' (1936) आला, 'कुंकू' (1937) आणि 'माणूस' (1939) आले, राजा परांजपे यांचे 'लाखाची गोष्ट' (1952) आणि 'जगाच्या पाठीवर' (1960) आले.

संग्रह वाढू लागला, तसा निवडीचा प्रश्न पडू लागला. जुने ते सारेच सोने नसते. 1995 साली सिनेमाच्या शताब्दीनिमित्त व्हॅटिकनने 45 उल्लेखनीय चित्रपटांची एक यादी प्रसिद्ध केली. धर्म, जीवनमूल्ये आणि कला असे तिचे तीन भाग असून प्रत्येकात 15 चित्रपट आहेत. ती वाचून मला सुखद धक्का बसला. धर्माच्या भागात 'बेन-हर' (1959) असणार हे अपेक्षितच होते, परंतु तेथे पासोलिनी या नास्तिक मार्क्सवादी दिग्दर्शकाचा संत मत्तयच्या शुभवर्तमानावरील चित्रपटही (1964) होता. जीवनमूल्यांत डी सिका यांचा 'बायसिकल थीव्हज' (1948) होता, तर कलेत चॅप्लिनचा 'मॉडर्न टाइम्स' (1936). चोरीला गेलेल्या सायकलीसाठी रोमच्या रस्त्यांवरून वणवण करणारा बाप आणि त्याच्यामागून धावणारा त्याचा लहानगा मुलगा, यांच्या कथेत देवाचे नाव फारसे येत नाही. तरीही ख्रिस्तसभेने ती मोलाची मानली. त्या यादीने माझ्या निवडीला एक कसोटी दिली. चित्रपट पाहून उठताना शेजारच्या माणसाकडे आपण थोड्या अधिक ममतेने पाहतो का, एवढेच मी विचारू लागलो.

आपल्या भारतीय चित्रपटाच्या जन्मकथेतही एक ख्रिस्तचरित्र आहे. 1910-11च्या सुमारास मुंबईत दादासाहेब फाळके यांनी प्रभू येशूच्या जीवनावरील एक मूकपट पाहिला. तो पाहताना त्यांच्या मनश्चक्षूंपुढे राम आणि कृष्ण उभे राहिले. ते पत्नीला घेऊन तो चित्रपट पुन्हा पाहून आले, आणि त्या ध्यासातून 1913 साली 'राजा हरिश्चंद्र' जन्मला. आज त्याचा काही भागच उपलब्ध आहे. आपला पहिला बोलपट 'आलम आरा' (1931), त्याची तर एकही प्रत उरलेली नाही. आपल्या मूकपटांपैकी बहुतेक सारे असेच नाहीसे झाले. त्या काळची नायट्रेटची फीत अत्यंत ज्वालाग्राही असे, ती आगीत गेली. काही फिती दमट हवेत कुजल्या, तर काही त्यांतील चांदी काढण्यासाठी नष्ट करण्यात आल्या. पुण्यात 1964 साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि पी. के. नायर यांच्यासारख्या माणसाने गावोगाव हिंडून डबे गोळा केले, म्हणून जे उरले ते उरले. चांदीसाठी फीत वितळवणाऱ्यांचा मला पूर्वी फार संताप येई. आता तसा येत नाही, कारण तेच पाप माझ्या हातूनही घडले आहे.

माझ्या धाकट्या बहिणीचे लग्न 1989 साली झाले. मांडवात व्हिडिओ चित्रीकरण झाले आणि त्याची एकच कॅसेट आमच्या घरी आली. वडील 1991 साली देवाघरी गेले. त्यांचे फोटो पुष्कळ होते, पण त्यांना चालताना-बोलताना दाखविणारी वस्तू जगात एकच होती, ती म्हणजे ही कॅसेट. 1993च्या पावसाळ्यात ओलीने कपाटातील बऱ्याच कॅसेटवरची लेबले सुटून पडली. त्याच दिवसांत एका संध्याकाळी दूरदर्शनवर 'शेजारी' लागणार असल्याचे समजले. वडिलांचा 'शेजारी'! घरात कोरी कॅसेट नव्हती, दुकान बंद होते. लेबल नसलेली एक कॅसेट हाताला लागली. तिच्या पाठीवरचा प्लास्टिकचा तुकडा मोडलेला होता. तो मोडला की यंत्र त्या कॅसेटवर नवे काही मुद्रित करीत नाही. जपून ठेवायच्या गोष्टीसाठी केलेली ती सोय असते. मला वाटले, बाजारातून आणलेला एखादा हिंदी चित्रपट असेल. लावून पाहण्याइतकाही धीर मला नव्हता. मी त्या खाचेवर चिकटपट्टी लावली आणि बटण दाबले. चित्रपट संपताच यंत्र बंद केले, कॅसेट मागे फिरवली आणि तिच्यावर सुवाच्य अक्षरांत लिहिले, 'शेजारी, 1941'.

त्या नाताळला बहीण कुवेतहून आली आणि म्हणाली, "दादा, माझ्या लग्नाची कॅसेट लाव ना, पप्पांना बघायचंय." आम्ही सारे कपाट उपसले. शेवटी मीच ओळखले. 'शेजारी'च्या कॅसेटवर माझीच चिकटपट्टी होती. आईसमोर ते सांगताना माझी जीभ रेटेना. बहीण काही न बोलता आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी आई म्हणाली, "लाव ती. शेवटपर्यंत बघू तरी." आम्ही अख्खा 'शेजारी' पाहिला. पाटील आणि मिर्झा गेले, चित्रपट संपला, पडद्यावर क्षणभर पांढरे ठिपके नाचले आणि अचानक आमचा मांडव दिसला! लग्नाचे मुद्रण चित्रपटाहून लांब होते. अखेरची सुमारे 4 मिनिटे वाचली होती. पाहुणे गेलेले, वडील एकटेच खुर्च्या गोळा करून एकावर एक रचीत आहेत. त्यांचे लक्ष कॅमेऱ्याकडे जाते, ते हसतात आणि 'आता पुरे' अशा अर्थाने हात हलवतात. नवरीला आशीर्वाद देतानाचे, मांडवात नातलगांचे स्वागत करतानाचे वडील मी पुसून टाकले होते. खुर्च्या उचलणारे तेवढे उरले होते.

आई बराच वेळ डोळे पुसत होती. मग म्हणाली, "राहिलं तेवढं जप." तिने मला दुसरे काही म्हटले नाही, त्या दिवशीही नाही आणि नंतरही कधी नाही.

तेव्हापासून माझ्या संग्रहाची रीत बदलली. कपाटातली प्रत्येक वस्तू मी आधी लावून पाहतो, मगच तिच्यावर नाव लिहितो. कॅसेट उभ्या ठेवतो, पावसाळ्यात कपाटात कापडात बांधलेली कोरडी चुनखडी ठेवतो. बुरशीने खाल्लेल्या काही कॅसेट तरीही गेल्याच. 'प्रभात'चे अनेक चित्रपट पुढे व्हीसीडी-डीव्हीडीवर आले, ते विकत घेतले. ती 4 मिनिटे मी 2006 साली डीव्हीडीवर उतरवून घेतली आणि पुढे हार्ड डिस्कवर. आज तिच्या तीन प्रती आहेत: एक माझ्याकडे, एक बहिणीकडे, एक भावाकडे. तीन घरे एकाच वेळी जळत वा बुडत नाहीत, एवढाच त्यामागचा हिशेब.

संग्रह करू इच्छिणाऱ्या तरुणांना मी म्हणून एकच विनंती करतो. थोर चित्रपट अवश्य जमवा, मुलांना ते दाखवा, शेजाऱ्यांना बोलावून दाखवा. परंतु त्या चित्रपटांना सांभाळणारे जगात इतरही कोणी असतात. ड्रायर यांचा 'द पॅशन ऑफ जोन ऑफ आर्क' (1928) याची मूळ निगेटिव्ह आगीत गेली होती. त्याची एक उत्तम प्रत 1981 साली नॉर्वेतील ऑस्लोजवळच्या एका मनोरुग्णालयाच्या कपाटात सापडली. जोनला वाचवणारे एखादे कपाट कुठेतरी निघते. आपल्या बापाला वाचवणारे कपाट मात्र एकच, ते आपल्या घरातले. तेव्हा आधी आजीच्या तोंडची लग्नगीते, गावातल्या सणाचे चित्रीकरण, मांडवातल्या कॅसेट शोधा. त्यांच्या प्रती करा. मग खुशाल 'बायसिकल थीव्हज' आणा.

दरवर्षी वडिलांच्या स्मृतिदिनी सकाळी मिस्सा होते आणि संध्याकाळी आम्ही 'शेजारी' लावतो. त्याची स्वच्छ, सुंदर प्रत आता आमच्याकडे आहे. तरी आम्ही तीच जुनी, कॅसेटवरून उतरवलेली, मधूनच थरथरणारी प्रत पाहतो. आमची नातवंडे चित्रपटात फारशी रमत नाहीत. ती शेवटाची वाट पाहतात. पांढरे ठिपके दिसले की त्यांतला सर्वांत धाकटा ओरडतो, "आता पणजोबा खुर्च्या उचलणार!" आणि वडील खुर्च्या उचलतात.