दिव्यांची अवस

चिंचेचा कोळ लावून पितळ घासलं की एक वास सुटतो. आंबट, ओला, थोडा धातूचा. हाताला चिकटून राहणारा, साबणानंही लवकर न जाणारा. आषाढ सरताना पनवेलच्या आमच्या जुन्या घराच्या मागल्या पडवीत आजी समया, निरांजनं, लामणदिवा, काचा काढून ठेवलेले कंदील असं सगळं पुढ्यात घेऊन बसायची. पन्हळीतून पाऊस ओतत असायचा, आणि खाडीकडून येणारा वारा ओहोटीच्या चिखलाचा वास आणून त्या चिंचेच्या वासात मिसळून टाकायचा. ते दोन वास माझ्या नाकात अजून एकमेकांपासून सुटलेले नाहीत. आज स्वयंपाकाला चिंच भिजत घातली तरी खाडी आठवते. खाडीमागून एक बाई येते, जिला मी कधी पाहिलेलं नाही.

ती आजीची मैत्रीण. दोघी अलिबागकडच्या, एका आळीतल्या. एका विहिरीवर पाणी भरलं, एका झाडाखालच्या कैऱ्या वेचल्या, आणि मग एक लग्न होऊन पनवेलला आली, दुसरी गिरगावातल्या चाळीत गेली. आजी तिला ‘बाय’ म्हणे. तिचं खरं नाव घरात कुणी घेत नसे, आणि तेही किती सहज, जणू ते तिनं परत येऊन स्वतःच सांगायचं आहे.

अवसेला माहेरी जाईन, परतताना पनवेलला तुझ्याकडे उतरेन, असं तिचं कार्ड आलं होतं. ही अवस म्हणजे आषाढी अमावस्या. दिवे उजळायचे, कणकेचे गोड दिवे उकडायचे, आणि बाकी सगळ्या मुलखाची गटारी. १९४७ साली ती १७ जुलैला, गुरुवारी आली. त्या सकाळी आठच्या सुमारास ‘रामदास’ बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. कोकणी माणूस जिला प्रेमानं ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणायचा, तिची ही बोट. संतांची नावं दिलेल्या बोटींवर देवळात शिरावं तशा विश्वासानं माणसं चढत. सणासाठी घरी निघालेल्या उतारूंनी बोट भरली होती. अर्ध्या-पाऊण तासात, काश्याच्या खडकाच्या आसपास, लाटेनं ती एका अंगाला कलली. माणसं घाबरून एका बाजूला धावली, आणि ती उलटली. सहाशेहून अधिक जीव गेले. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतं. मुंबई कितीतरी तास आपल्या कामात होती, तिला काही ठाऊकच नव्हतं. रेवसकडून मासळी घेऊन निघालेल्या कोळ्यांनी मात्र हाती आलेली मासळी पाण्यात ओतून होड्या रिकाम्या केल्या आणि जमतील तेवढी माणसं वर ओढली. मासळी म्हणजे घरात काय असतं, हे ज्यांना माहीत आहे त्यांना या ओतण्याचं मोल सांगावं लागत नाही.

बाय त्या बोटीवर होती का?

एवढंच कुणाला सांगता आलं नाही. नवरा पाळीवर गेला होता. चाळीतल्या शेजारणीनं तिला पहाटे पिशवी घेऊन जिना उतरताना पाहिलं होतं, त्यापुढे कुणी पाहिलं नव्हतं. धक्क्यावर तिकीट घेणाऱ्याचं नाव कुणी विचारत नसे. वाचलेल्यांत ती नव्हती. भरतीबरोबर किनाऱ्याला लागलेल्या ज्या देहांची ओळख पटली, त्यांतही नव्हती. बोट चुकली असेल, असं कुणीतरी म्हणालं. कुठेतरी शुद्ध हरपून पडली असेल, असं दुसरं कुणी म्हणालं. अशी वाक्यं माणसं लबाडीनं बोलत नाहीत. समोरच्याच्या हातात काहीतरी ठेवावं म्हणून बोलतात.

त्या वर्षी अधिक श्रावण होता. म्हणजे नारळी पौर्णिमा एक महिना पुढे गेली, ऑगस्टच्या अगदी शेवटी. समुद्राला नारळ देऊन होड्या लोटायच्या त्या दिवसाची वाट एरवीही लांब वाटते; त्या वर्षी ती संपता संपेना. मध्ये पंधरा ऑगस्ट आला. घरोघर दिवे लावायचे म्हणून आजीनं अवसेला उजळलेलं पितळ महिनाभरात पुन्हा चिंचेनं घासलं. स्वातंत्र्य आलं तेव्हा काय वाटलं, असं मी तिला शाळेच्या निबंधासाठी विचारलं होतं. ती म्हणाली, “हातांना वास येत होता.” मला तेव्हा ते उत्तर निबंधात घालण्यासारखं वाटलं नाही.

पनवेल तेव्हा बंदराचं गाव. खाडीतून पडाव आणि माचवे मुंबईला ये-जा करायचे, तांदूळ घेऊन जायचे, माल घेऊन यायचे. पौर्णिमा झाली, होड्या लोटल्या, आणि मग आजीची वाट सगळ्या बंदरानं वाटून घेतली. मोऱ्याला, करंजाला, भाऊच्या धक्क्यावर, जिथे जो जाई तिथे तो विचारून येई. कोळीवाड्यातल्या बायका टोपली घेऊन दारात आल्या की जिताड्याचा भाव ठरायच्या आधी विचारत, “आली का गो ती?” आजी म्हणे, “नाय गो. अजून नाय.” ‘सापडली का’ असं कुणी विचारत नसे. येणारं माणूस स्वतःच्या पायांनी येतं, सापडणारं तसं येत नाही, आणि हा फरक सगळ्या आळीनं न ठरवता पाळला. हळदीकुंकवाला एक वाण बाजूला निघे. गटारीच्या दिवशी शेजारच्या घरांतून मटणाच्या रश्श्याचा घमघमाट उठे, पण आमच्या दाराशी वाटी येत नसे. दुसऱ्या एखाद्या दिवशी, काही निमित्त काढून, ती दुप्पट येई.

मला वाटतं, एकट्या बाईला इतकी वर्षं वाट पाहणं जमत नाही. वेड लागतं, किंवा मन दगड होतं. आजीचं दोन्ही झालं नाही. ती हसायची, भांडायची, आम्हाला धपाटे घालायची, वडाळे तलावाकाठी फिरायला न्यायची. वाट इतक्या घरांत विखुरली होती, म्हणून तिच्या वाट्याला सोसेल एवढीच आली.

तिकडे गिरगावात मात्र कुणीतरी काहीतरी ठरवणं भाग होतं. कायदा सात वर्षं थांबतो, शास्त्र बारा. ज्याचा देहच हाती लागला नाही त्याच्यासाठी पळसाच्या पानांचा पुतळा करतात, डोक्याच्या जागी नारळ ठेवतात, आणि त्याला अग्नी देतात. बायच्या सासरी तो विधी झाला, आणि पुढे तिच्या नवऱ्यानं दुसरं लग्न केलं. आजी त्या लग्नाला गेली. नव्या नवरीची तिनं ओटी भरली, जेवून आली, त्या घराबद्दल कधी वाकडा शब्द काढला नाही. फक्त अवसेला कणकेच्या दिव्यांत एक जास्तीचा दिवा उकडायचा, तो तिनं बंद केला नाही. दिव्यांच्या अवसेच्या कहाणीत रात्री गावातले दिवे झाडावर जमतात आणि कुणाच्या घरी काय घडलं ते एकमेकांना सांगतात. कहाणी सांगताना आजी त्या जागी आली की थोडी थांबायची. गिरगावातल्या एखाद्या दिव्यानं, अलिबागच्या एखाद्या दिव्यानं, काहीतरी पाहिलं असेलच ना.

समुद्र असं पुन्हा पुन्हा करतो. ‘रामदास’च्या आधी १९२७ च्या नोव्हेंबरात याच कोकणच्या पाण्यात ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ बुडाल्या होत्या. २००९ च्या नोव्हेंबरात फयान आलं तेव्हा मासेमारीला गेलेले कितीतरी परतले नाहीत. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात पी-३०५ तराफा बुडाला, आणि काही दिवसांनी रायगडच्या किनाऱ्यांना अनोळखी देह लागू लागले. आता डीएनए जुळवतात. दूर कुठल्या राज्यात बसलेल्या आईला निदान एक कागद मिळतो. ती बातमी वाचताना मी चिंच कोळत नव्हते, तरी तो वास आला.

आजी गेल्यावर बऱ्याच वर्षांनी बाबांनी एक गोष्ट सांगितली. बंदरावरच्या एका म्हाताऱ्या तांडेलानं ती त्यांना सांगितली होती, त्याच्याही शेवटच्या दिवसांत. बोट बुडाल्यानंतरच्या त्या आठवड्यात तो आणि आणखी दोघे बायला शोधायला करंजाकडे गेले होते. परत येऊन आजीला त्यांनी सांगितलं, “नाय गावली.” पण तिवरांत एक बाई गावली होती. चेहरा ओळखण्याजोगा राहिला नव्हता. ही तीच, असं छातीवर हात ठेवून सांगता येत नव्हतं, आणि ही ती नव्हे असंही नाही. तिघांनी तिथल्या माणसांच्या मदतीनं तिला अग्नी दिला, खाडीवर अंघोळ केली आणि येताना वाटेत ठरवलं की हे पनवेलला न्यायचं नाही. त्यातलाच एक पुढे दर मोसमात मुंबईहून आला की ओसरीवर टेकून सांगायचा, “विचारलं वयनी, धक्क्यावर विचारलं.” आणि तो खरंच विचारायचा, असं तांडेल म्हणाला.

बाबांना वाटायचं, त्यांनी केलं ते बरं केलं. खात्री नसलेलं मरण कुणाच्या पदरात कसं घालायचं? मी त्या तिघांना नावं ठेवू शकत नाही. अनोळखी देहाचं त्यांनी घरच्यासारखं केलं, आणि आमच्या घरचं दुःख आयुष्यभर स्वतःच्या अंगावर वागवलं. पण मी आजीच्या शेजारी पडवीत बसले आहे, तिच्या बोटांच्या पेरांत काळी पडलेली चिंच पाहिली आहे. ती खचली नसती. तिनं विचारलं असतं, साडी कोणत्या रंगाची होती, आणि तिला कळलं असतं. तेवढं तरी त्यांनी तिला सांगायला हवं होतं.