हिंजवडीत राहून जर्मनची मोठी परीक्षा

मैत्रिणींनो, पुण्याला आलात आणि हिंजवडी पाहायची म्हटलीत, तर पुणेकर आधी हसतील. "तिथे काय पाहायचंय? गाड्यांची रांग?" असे विचारतील. खरेच आहे त्यांचे. इथे शनिवारवाडा नाही नि पर्वतीही नाही. मुंबई-बंगळूर महामार्गावरचा वाकडचा पूल मागे टाकला, की राजीव गांधी इन्फोटेक पार्कच्या काचेच्या इमारती दिसू लागतात. शिवाजी चौक, मग फेज एक, फेज दोन, आणि पुढे माण गावाच्या अंगाला फेज तीन. ऑफिसे भरण्या-सुटण्याच्या वेळी इथे पायी चालणारा माणूस मोटारवाल्याच्या आधी पोचतो, असे आम्ही थट्टेने म्हणतो.

पण ही झाली वरवरची ओळख. हिंजवडी हे मुळात मुळशी तालुक्यातले गाव. मुळशी म्हणजे आंबेमोहोर तांदळाचा मुलूख. म्हातोबा हे इथले ग्रामदैवत. चैत्र पौर्णिमेला, हनुमान जयंतीच्या दिवशी, त्याचे बगाड हिंजवडीहून वाकडला जाते, तेव्हा रस्ता संगणकवाल्यांचा नसतो, गावाचा असतो. नावाचेही तसेच. कित्येक पाट्यांवर 'हिंजेवाडी' लिहिलेले दिसेल, जुनी माणसे मात्र ठासून सांगतात, "बाई, हिंजवडी म्हणा!"

या गावात गेल्या काही वर्षांत आणखी एक भाषा येऊन राहिली आहे. झेरॉक्सच्या दुकानाच्या काचेवर, सोसायटीच्या सूचनाफलकावर, शिकवण्यांच्या जाहिरातींत ती भेटते: 'जर्मन शिका. ए वन ते बी टू. शनिवार-रविवार.' इथल्या कंपन्यांत जर्मन कंपन्यांची कामे चालतात. कोणी वर्षभरासाठी स्टुटगार्टला जाते, कोणी म्युनिकला. मग घरातली बाई दळण-किराण्याच्या यादीमागे 'डेर, डी, डास' लिहू लागते. पतीकडे जाण्याच्या व्हिसासाठी बऱ्याच जणींना पहिली पायरी पार करावी लागते, म्हणून.

या पायऱ्या कोणत्या, ते आधी सांगते. युरोपात २००१ साली भाषा मोजण्याची एक पट्टी ठरली. ए वन, ए टू ही सुरुवात. बी वन, बी टू हा मधला टप्पा. सी वन आणि सी टू वरचा. ए वनमध्ये 'माझे नाव अमुक, मला दोन मुले' एवढे आले की झाले. सी वनमध्ये मात्र अग्रलेख वाचून त्यातला छुपा टोमणा ओळखावा लागतो.

आमच्या परिसरात मी पाहते, बहुतेक बायका ए टू नाहीतर बी वनला थांबतात. हुशारी कमी पडते म्हणून नव्हे. ज्यासाठी शिकायला घेतले ते काम तेवढ्यात होते म्हणून. व्हिसा मिळाला, नाहीतर प्रोजेक्टच रद्द झाला, की पुस्तके माळ्यावर जातात. सी वन कुठल्याही नवऱ्याच्या व्हिसाला लागत नाही. ती परीक्षा द्यायची तर स्वतःसाठीच द्यावी लागते, आणि आपल्या घरांत सगळ्यांत अवघड तेच!

मी बी. ए. आहे. घर सांभाळून दुपारचे तीन तास एका वर्गात मुलांना जर्मनचे पहिले धडे शिकवते. वरच्या वर्गांना शिकवायचे तर सी वनचे प्रमाणपत्र आणा, असे मला स्पष्ट सांगण्यात आले आहे. सासूबाई विचारतात, "आता या वयात परीक्षा कशाला गं?" त्यांचा प्रश्न वाईट नाही. घरातल्या एका माणसाने रोज दोन तास काढायचे, तर ते कुणाच्या तरी वाट्यातून जातात. म्हणून हा हिशेब तुमच्यापुढे मांडते आहे. परीक्षा पुढच्या महिन्यात आहे.

परीक्षेचे ठिकाण वीसेक किलोमीटरवर, बोट क्लब रोडच्या मॅक्स म्युलर भवनात. जर्मनीच्या गोएथे इन्स्टिट्यूटला आपल्याकडे हे नाव आहे. गंमत अशी, की ऋग्वेदाची संहिता छापून काढणारे मॅक्स म्युलर (१८२३–१९००) भारतात कधीच आले नाहीत. बोट क्लब रोडला जाताना वाटेत औंधला 'ब्रेमेन चौक' लागतो. ब्रेमेन या जर्मन शहराशी पुण्याचा जुना स्नेह आहे, त्याची ही खूण. ग्रिमबंधूंच्या गोष्टीतले गाढव, कुत्रा, मांजर आणि कोंबडा आठवतात ना? मालकांना नकोसे झालेले ते चौघे ब्रेमेनला जाऊन गवई व्हायचे ठरवतात. ब्रेमेनला ते पोचत नाहीत, पण वाटेत हक्काचे घर मिळवतात! बस त्या चौकात अडकली की मला ही गोष्ट हटकून आठवते.

आता परीक्षेचे स्वरूप. वाचन ६५ मिनिटे, ऐकणे सुमारे ४० मिनिटे, लेखन ७५ मिनिटे, आणि बोलणे दोघांनी मिळून सुमारे २० मिनिटे. प्रत्येक भागाला १०० पैकी ६० गुण हवेत. जानेवारी २०२४ पासून हे चारही भाग सुटे करता येतात. एक राहिला तर तेवढाच पुन्हा द्यायचा. आपल्यासारखीला ही मोठीच सोय आहे. दिवाळीचा फराळ आपण एका दिवसात थोडाच करतो? आज चकली, उद्या करंजी.

तुम्ही म्हणाल, मराठी बाईला हे कसे जमावे? उलट मी म्हणेन, मराठी बाईलाच जमावे. आपल्या भाषेत तीन लिंगे आहेत: तो चमचा, ती सुरी, ते ताट. जर्मनमध्येही तीनच. मात्र जर्मन टेबलावर चमचा पुल्लिंगी, काटा स्त्रीलिंगी नि सुरी नपुंसकलिंगी: डेर ल्योफल, डी गाबल, डास मेसर. सूर्य त्यांच्याकडे स्त्री आहे आणि चंद्र पुरुष. मला तर हे सांगताना बरेच वाटते. आकडेही आपल्यासारखेच. आपण एकवीस, बावीस म्हणताना एकक आधी घेतो. जर्मनही 'एक आणि वीस' असेच म्हणतात. इंग्रजी माध्यमातली मुले इथे अडखळतात, मराठी पाढे म्हटलेली बाई अडखळत नाही.

वरच्या परीक्षेत तर मराठी आणखी कामी येते. ऐकीव गोष्ट सांगायची, पण ती खरी असल्याची हमी आपण घ्यायची नाही, यासाठी जर्मनमध्ये क्रियापदाचे वेगळे रूप आहे. वर्तमानपत्रे ते सर्रास वापरतात. व्याकरणाच्या पुस्तकात त्याला चार पाने दिली आहेत. मी मात्र माझ्या वहीत एकच शब्द लिहिला: 'म्हणे'. "ती आजारी आहे म्हणे." झाले की नाही? तेच जर्मनमध्ये "झी झाय क्रांक". आपण दारातल्या गप्पांत दिवसाकाठी दहा वेळा हे व्याकरण वापरतो!

जिथे मराठीचा आधार सुटतो, तिथे घोकंपट्टीच करावी लागते. आपण निर्णय 'घेतो'. जर्मन माणूस, ज्या क्रियापदाचा रोजचा अर्थ 'भेटणे' आहे, त्याच क्रियापदाने निर्णय करतो. आपण प्रश्न विचारतो, तो प्रश्न 'उभा करून ठेवतो'. अशा जोड्या शेकडो. त्या मी चिठ्ठ्यांवर लिहून फ्रिजच्या दारावर, मिसळणाच्या डब्याच्या झाकणावर आणि आरशाच्या कडेला लावल्या आहेत. पाठ झालेली चिठ्ठी काढायची, नवी लावायची. आमच्याकडे हे दूध काढायला गेले तरी दोन शब्द वाचून येतात.

वेळेचे वेळापत्रक मी असे बसवले आहे. पहाटे पाच ते सहा लेखन. तेव्हा घर झोपलेले असते आणि हात थकलेला नसतो. घड्याळ लावून ७५ मिनिटांत दोन मजकूर: एक चर्चेतले मत, एक औपचारिक पत्र. वेळ कमी पडला की उरलेला मजकूर चहा उकळेपर्यंत. पोळ्या करताना ऐकणे. डॉइच वेले या जर्मन प्रसारण संस्थेच्या, सावकाश वाचलेल्या बातम्या मोबाइलवर फुकट मिळतात. लाटणे थांबवायचे नाही आणि बातमीही थांबवायची नाही. परीक्षेतही कोणी आपल्यासाठी थांबत नाही. वाचन बसमध्ये. वाकडच्या पुलाखालची ती कुप्रसिद्ध कोंडी माझ्या वाचनाची खोली झाली आहे. खिडकीबाहेर मेट्रोचे खांब आणि मांडीवर जर्मन वर्तमानपत्रातला लेख.

राहिले बोलणे. ते एकटीने कसे करायचे? फेज एकमध्ये काम करणारी आमच्या सोसायटीतली एक मुलगी हीच परीक्षा देते आहे. ती कानपूरची, मी कोल्हापूरची. रोज रात्री जेवणानंतर आम्ही गच्चीवर पाऊण तास चालतो आणि जर्मनशिवाय बोलायचे नाही असा दंडक आहे. एकीने एका विषयावर भाषण करायचे, दुसरीने शंका काढायच्या. परीक्षेतही हेच असते. गेल्या आठवड्यात मी तिला म्हातोबाचे बगाड समजावून सांगितले. 'ग्रामदैवत'ला शब्द शोधा, 'नवस'ला शोधा, 'मानकरी' कसा सांगाल? एका शब्दाला तीन-तीन वाक्ये लागली. पण त्या रात्री मला कळले, की छापील विषयांपेक्षा आपल्या गावचा विषय घेतला की भाषा ताठ उभी राहते. तुम्ही कुठलीही भाषा शिकत असा, आपले गाव त्या भाषेत सांगून पाहा.

आणि कोणी "बायकांना काय करायचेत असले उद्योग" म्हणाले, तर इरावती कर्व्यांचे नाव घ्या. 'युगान्त' लिहिणाऱ्या इरावतीबाई लग्नानंतर, १९२८ साली, बर्लिनला गेल्या आणि १९३० मध्ये डॉक्टरेट घेऊन पुण्याला परतल्या. माणसाच्या कवटीच्या दोन्ही बाजू सारख्या नसतात, यावर त्यांनी जर्मनमध्ये प्रबंध लिहिला. वंशावरून ही विषमता ठरते, असा त्यांच्या मार्गदर्शकांचा कयास होता. बाईंनी मोजमापे घेतली, तसे काही आढळले नाही, आणि त्यांनी ते तसेच लिहिले. परक्या भाषेत, परक्या शहरात, आपल्याच गुरूला 'नाही' म्हणण्याइतकी भाषा! वरची परीक्षा म्हणजे मला तरी तेच वाटते. खालच्या पायरीवर आपण विनंती करायला शिकतो. वरच्या पायरीवर असहमती दाखवायला.

उपयोगाचे विचाराल, तर तोही आहे. २०२४ साली महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल कामगार पाठवण्याचा करार केला. जाणाऱ्याला आधी जर्मन शिकावे लागते आणि शिकवायला माणसे लागतात. भाषांतराची कामे घरी बसून करता येतात. ज्यांना रीतसर अभ्यास करायचा आहे त्यांच्यासाठी फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये पुणे विद्यापीठाचा परकीय भाषांचा विभाग आहे.

सासूबाईंना मी हे सगळे सांगितले नाही. एवढेच म्हटले, की हे प्रमाणपत्र आले तर दुपारचे तेच तीन तास राहतील, पण वर्ग माझ्या मनासारखा असेल. त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून पहाटेचा चहा त्या स्वतः ठेवू लागल्या आणि मला लेखनाची ती पंधरा मिनिटे परत मिळाली.

चार भागांपैकी ऐकण्याची मला थोडी धास्ती आहे. तो राहिलाच, तर पुन्हा देईन. फॉर्म भरताना 'परीक्षेचे कारण' कोणी विचारलेच, तर काय लिहायचे ते मात्र ठरले आहे: स्वतःसाठी.