‘सकाळी या’ म्हणजे कधी या?

वस्तीत काम करताना एक गोष्ट मला पक्की कळली आहे. मार खाणारी बाई ऑफिसच्या वेळा बघून घर सोडत नाही. ती लेकरं उचलून बाहेर पडते ती बहुतेक वेळा रात्री. तेव्हा संरक्षण अधिकाऱ्याचं कार्यालय बंद असतं, कोर्ट बंद असतं आणि आपल्या विहारालाही कुलूप असतं.

कायदा नाही का? आहे. कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा २००५ चा, २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू. कलम १७ प्रमाणे घर तिच्या नावावर नसलं तरी तिथं राहण्याचा हक्क तिला आहे. कलम ५ प्रमाणे तक्रार घेऊन आलेल्या बाईला तिचे हक्क सांगणं पोलिसांचं कर्तव्य आहे. २०१५ पासून ‘सखी’ वन स्टॉप सेंटरची योजना आहे, २४ तासांची. १८१ आणि ११२ हे क्रमांक आहेत.

तरीही एका ताईसोबत मी रात्री ठाण्यात गेलो तेव्हा उत्तर मिळालं, “घरगुती मामला आहे, सकाळी या.” मी म्हणालो, “साहेब, एवढंच लिहून द्या.” मग स्टेशन डायरीत नोंद झाली. प्रश्न असा आहे, की सोबत कुणी नसतं तर?

त्याहून कठीण भिंत आपल्या घरात आहे. “पोलिसात गेलीस तर समाजाची बदनामी होईल,” असं सांगणारे आपलेच असतात. मित्रांनो, २० जुलै १९४२ ला नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजली. बायकोनं नवऱ्याची दासी नव्हे, बरोबरीची मैत्रीण व्हावं, असं सांगितलं. हिंदू कोड बिल रखडवलं गेलं, हे १९५१ च्या त्यांच्या राजीनाम्याचं एक मोठं कारण होतं. मग बदनामी कशानं होते? मारण्यानं, की मार सांगण्यानं?

“हे सरकारचं काम आहे,” असं काही जण म्हणतात. खरंच आहे, आणि ते आपण मागूच. पण सखी केंद्र बहुतेकदा जिल्ह्याच्या गावी. तिथवरचा रात्रीचा रस्ता कुणी पार करायचा?

म्हणून प्रत्येक वस्तीत दोन बाया आणि एक रिक्षावाला यांची रात्रपाळी ठरवा. विहाराची किल्ली त्यातल्या एका बाईकडे ठेवा. फोन आला की आधी विचारा: आत्ता सुरक्षित आहेस का? लागलंय का? मुलं कुठं आहेत? आधार कार्ड, बँकेचं पुस्तक, मुलांचे दाखले तिनं आधीच विश्वासू घरी ठेवलेले बरे. ती कुठं थांबली आहे, हे कुणालाही सांगू नका. आणि रात्री समेट घडवायला बसू नका. त्या समेटाचा अर्थ एकच असतो: तिनं परत जायचं.

१४ एप्रिलच्या मिरवणुकीसाठी आपण रात्र रात्र जागतो. आपल्याच बहिणीसाठी आळीपाळीनं जागणं आपल्याला जड जाऊ नये.

जय भीम!