चुकीसकट

1985 सालच्या अखेरीस कोपनहेगनच्या स्वीट सायलेन्स स्टुडिओत किर्क हॅमेटची तार घसरली. मेटॅलिका बँडचा हा गिटारवादक ‘मास्टर ऑफ पपेट्स’ या गाण्यातला सोलो ध्वनिमुद्रित करत होता. टोकाच्या सुरापाशी तार इतकी ओढली गेली, की ती फ्रेटबोर्डच्या काठावरून खालीच सरकली आणि एक चिरका, कुठल्या पट्टीत न बसणारा आवाज निघाला. तो तसाच ठेवला गेला. तो आवाज पुन्हा काढणं आपल्याला जमलं नाही, हे पुढे हॅमेटनंच सांगून टाकलं.

ज्याचा त्याला जमला नाही, तो सूर जगभरातले ट्रिब्यूट बँड घोटून घोटून पाठ करतात.

पूर्वी पोथ्या नकलून देणारे लेखक असत. शेवटच्या पानावर ते हात झटकून मोकळे होत: समोर प्रत होती तशी उतरवली, शुद्ध असो की अशुद्ध, दोष मला देऊ नये. ट्रिब्यूट बँड याच जातकुळीतला. फरक एवढाच, की त्याच्या श्रोत्यांना मूळ चूकही मुखोद्गत असते. ती कुणी दुरुस्त केली तर दोष दिल्याशिवाय ते राहत नाहीत.

त्याच गाण्याचा ठेका बघा. कडव्याखाली जो रिफ फिरतो, त्यात चार-चार मात्रांची तीन आवर्तनं सरळ जातात आणि चौथं मध्येच तुटतं. हे लंगडं आवर्तन अडीच मात्रांचं, असं बहुतेक नोटेशनांत लिहिलेलं असतं. कान देऊन मोजणारे म्हणतात, नाही, अडीचहून जरासं जास्त आहे. चार तरुण एका खोलीत एकमेकांकडे बघत वाजवताना श्वास जिथे पडला, तिथे सम आली. अपूर्णांकाचा हिशेब त्यांच्या डोक्यात असेल असं मला तरी वाटत नाही. तो हिशेब नकलणाऱ्यांच्या वाट्याला आला.

3 मार्च 1986 ला निघालेल्या याच नावाच्या अल्बमला चाळीस वर्षं झाली. त्यानिमित्त एका ट्रिब्यूट बँडनं तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवायचं ठरवलं, तेव्हा मी तिकीट काढलं. जागा सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीपलीकडची, ईस्ट बेमधला एक लहानसा क्लब. या गाण्यांचा जन्मही याच बाजूचा. एल सेरिटो गावातल्या एका साध्या भाड्याच्या घरात हे लोक राहत, गॅरेजमध्ये सराव करत आणि तिथेच त्यांनी ‘पपेट्स’ची गाणी बांधली. मग ड्रमवादक लार्स उलरिकच्या मायदेशी, निर्माता फ्लेमिंग रासमुसेनच्या हाताखाली ती मुद्रित झाली. तेव्हा सगळ्यांची वयं एकवीस ते तेवीस.

वाजवणारे मात्र पन्नाशीला टेकलेले. वेश केलेले ट्रिब्यूट बँड मला आवडत नाहीत. खोटे केस, हातावर मार्करनं काढलेलं गोंदण, दोन गाण्यांमध्ये मेटॅलिकाच्या गायक-गिटारवादक जेम्स हेटफिल्डसारखं गुरकावणं, हा सगळा बहुरूप्याचा कारभार झाला. या लोकांनी तसलं काही केलं नव्हतं. रोजच्या जीन्स, धुऊन धुऊन विटलेले टी-शर्ट, एकाच्या नाकावर वाचायचा चष्मा. बेसवाला शाळेत गणित शिकवतो, हे दारापाशी कुणीतरी सांगितलं. त्या लंगड्या आवर्तनासाठी बँडला तसा माणूस हवाच होता.

अख्खा अल्बम क्रमानं वाजवणं मैफलीच्या स्वभावाविरुद्ध असतं. शहाणा बँड हुकमाचं पान शेवटासाठी राखतो. इथे पहिल्या ‘बॅटरी’तच सगळे घामाघूम होतात, दुसरं गाणं हाच कळस, आणि तो तेरा-चौदा मिनिटांत संपतो. त्यावर तिसरं ‘द थिंग दॅट शुड नॉट बी’ येतं: जड, सावकाश, गिटारी पूर्ण एक सूर उतरवून वाजवायचं. मंचावर गिटारींची अदलाबदल सुरू झाली की लोक बिअर आणायला निघतात. रेकॉर्ड ऐकणारा माणूस या ठिकाणी घरी एकटा असतो. गाणी कोणत्या क्रमानं यावीत, हे त्याच्या हिशेबानं ठरलेलं असतं.

मला मात्र त्या रात्री उजवी मनगटंच दिसत होती. थ्रॅश मेटल ऐकणाऱ्याला गोंगाट ऐकू येतो, वाजवणाऱ्याला दुखणं. पिक वर-खाली मारली तर श्रम निम्मे होतात, पण आवाजाची धार जाते. म्हणून हेटफिल्डच्या घराण्यात ती फक्त खालीच मारायची. शीर्षकगीताच्या लयीत हे सेकंदाला सुमारे सात फटके पडतात. गाणं साडेआठ मिनिटांचं. मध्ये संथ भाग आहे, त्याला लोक सौंदर्यस्थळ म्हणतात. चष्मेवाल्या गिटारिस्टनं तिथे हात खाली सोडून बोटं झटकली, तेव्हा त्या भागाची दुसरी बाजू कळली. शिवाय रेकॉर्डवर हेटफिल्डनं स्वतःच्याच गिटारीचे थरावर थर चढवलेले आहेत. समोर माणसं दोनच. उरलेले थर श्रोत्यांनी आपल्या आठवणीतून भरायचे असतात, आणि ते भरतातही.

खुद्द मेटॅलिकालाही या गाण्यांसाठी बदली माणूस घ्यावा लागला होता. 1986 च्या दौऱ्यात हे लोक ऑझी ऑस्बोर्नच्या आधी वाजवत. हेटफिल्ड स्केटबोर्डवरून पडला, मनगट मोडलं, आणि बँडच्या गिटारींची देखभाल करणारा जॉन मार्शल त्याच्या जागी वाजवू लागला. हेटफिल्ड नुसता गायचा. तारा लावून देणारा माणूस त्या तारांवर मालकाचे फटके हुबेहूब मारतोय, हा माझ्या लेखी पहिला ‘पपेट्स’ ट्रिब्यूट.

सातवं गाणं ‘ओरायन’. त्याला शब्द नाहीत. गर्दी यासाठीच आली होती, हे आधीच्या गाण्यापासूनच जाणवत होतं. ओरायन ही मुख्यतः बेसवादक क्लिफ बर्टनची निर्मिती. कॅस्ट्रो व्हॅलीत वाढलेला हा मुलगा बेल-बॉटम घालायचा, बाख ऐकायचा, आणि बेसवर असे सूर काढायचा की लोक ते गिटारीचे समजत. त्यानं लॉस एंजेलिसला जायला नकार दिला, म्हणून अख्खा बँड बाडबिस्तरा उचलून सॅन फ्रान्सिस्कोकडे आला. अल्बम निघाल्यावर तो सात महिनेही जगला नाही. 27 सप्टेंबर 1986 च्या पहाटे स्वीडनमध्ये डोराप गावाजवळ बँडची बस उलटली. क्लिफ चोवीस वर्षांचा होता. आदल्या रात्री स्टॉकहोमला कार्यक्रम झाला होता. त्याच्या अंत्यविधीच्या वेळी ओरायनची रेकॉर्ड लावली गेली.

त्यानंतर बँडनं हे गाणं मंचावर अखंड कधी वाजवलं? 2006 साली, अल्बमच्या विसाव्या वर्षी. तोवर वीस वर्षं ते अखंड असं फक्त रेकॉर्डवर होतं. क्लिफला ते श्रोत्यांसमोर सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवायला मिळालंच नाही. गणिताच्या त्या मास्तरांनी ते त्याच्याहून कितीतरी जास्त वेळा वाजवलं असणार. नकलेला मूळ असावं लागतं असं आपण धरून चालतो. इथे मंचावरचं मूळच नाही. या जागी क्लिफ कसा उभा राहिला असता, कुठे मान झुकवली असती, हे कुणी पाहिलेलं नाही. म्हणून इतर गाण्यांत बेधडक असलेला तो माणूस इथे जपून वाजवत होता. सुरुवातीचा बेस दुरून जवळ यावा तसा हळूहळू उमटतो. रेकॉर्डवर ते काम मिक्सिंगनं केलं आहे, मास्तर ते व्हॉल्यूमची खुंटी करंगळीनं फिरवून करत होते. मधल्या संथ भागात, जिथे बेस एकटाच चाल धरतो, तिथे सगळा क्लब ती चाल गुणगुणू लागला. शब्दच नाहीत म्हटल्यावर अडचण कसली.

क्लिफचे वडील रे बर्टन 2020 मध्ये गेले. मुलाच्या वाट्याची रॉयल्टी ते कॅस्ट्रो व्हॅली हायस्कूलमधल्या संगीत शिकणाऱ्या मुलांच्या शिष्यवृत्तीला देत. 

माझी ओळख या गाण्यांशी कॅसेटवरून उतरवलेल्या कॅसेटवर झाली. तीही नक्कलच, आणि प्रत्येक पिढीगणिक खरखर वाढलेली. मुंबईत इंडिपेंडन्स रॉक हा संगीत महोत्सव सुरू झाला तोही 1986 सालीच. धोबी तलावच्या रंगभवनात कुणी बँडनं स्वतःचं गाणं धरलं की गर्दीतून मेटॅलिकाची फर्माईश यायची. आम्हाला नक्कलच हवी असे, कारण मूळ येण्याची शक्यता नव्हती. ते आलं 30 ऑक्टोबर 2011 ला, बंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर, पावसात. मुंबई-पुण्याची पोरं रेल्वेनं, बसनं तिथे पोचली. आता क्लबमध्ये माझ्यापुढे उभ्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना हे गाणं 2022 च्या ‘स्ट्रेंजर थिंग्ज’मुळे माहीत. त्या मालिकेतल्या वादनातली काही गिटार मेटॅलिकाच्या आताच्या बेसवादकाच्या मुलानं, टाय त्रुहियोनं वाजवली आहे.

शेवटचं ‘डॅमेज, इन्कॉर्पोरेटेड’. त्याच्या तोंडाशी पुन्हा बेसच, लाटांसारखे फुगून ओसरणारे क्लिफचे सूर. इथे मास्तरांनी एक गोष्ट केली. दोन लाटांच्या मध्ये, रेकॉर्डवर जिथे काहीच नाही, तिथे त्यांनी आपले चार सूर घातले. माझ्या शेजारी पिकल्या दाढीचे एक गृहस्थ होते. रात्रभर ते एकेक मात्रा मांडीवर मोजत होते. त्यांनी भुवया चढवून माझ्याकडे बघितलं. मी नुसते खांदे उडवले, पण मनातून म्हटलं, चाळीस वर्षांच्या नकलेत चार सूर काही फार नाहीत. तेवढ्यात ड्रमवाल्यानं लय उचलली, मधली पोरं एकमेकांवर आदळू लागली, आणि गृहस्थ हातातला ग्लास माझ्याकडे देऊन त्यांच्यात घुसले.