उसनं पार्श्वसंगीत

राज्य नाट्य स्पर्धेच्या परभणी केंद्रावर आमच्या हौशी संचाचं पार्श्वसंगीत माझ्याकडे असायचं. दुःखाला सारंगी, भीतीला ढगांचा गडगडाट, आठवणींना बासरी. एवढ्यावर नाटक निभतं अशी माझी समजूत होती. कुणी नाक मुरडलंच तर ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ म्हणून मी हसून सोडून द्यायचो.

पुण्यात शिकताना खोलीवरच्या मित्राच्या हार्ड डिस्कवर ‘कॉइल’ नावाचा फोल्डर सापडला. जॉन बॅलन्सने १९८२ मध्ये लंडनमध्ये सुरू केलेला हा बँड. पीटर क्रिस्टोफरसन लवकरच त्याला येऊन मिळाला. तो आधी ‘थ्रॉबिंग ग्रिसल’मध्ये होता, संगीताला ‘इंडस्ट्रियल’ हे नाव त्या मंडळींच्या रेकॉर्ड कंपनीवरून पडलं. मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ‘हेलरेझर’ या सिनेमाचं नाव तेवढं ओळखीचं वाटलं, म्हणून तो अल्बम आधी लावला. क्लाइव्ह बार्करच्या या १९८७ च्या भयपटासाठी केलेलं कॉइलचं संगीत सिनेमात घेतलंच नाही, तिथे क्रिस्तोफर यंगचा वाद्यवृंद आला. नाकारलेलं ते काम कॉइलने वेगळं प्रसिद्ध केलं. त्यात ‘आता घाबरा’ अशी खूण कुठेच नव्हती. माझा गडगडाट त्या रात्रीच निकालात निघाला.

मग मागे गेलो. ‘टेन्टेड लव्ह’ हे मुळात नाचायचं गाणं. कॉइलने १९८५ मध्ये ते इतकं संथ केलं की अंत्ययात्रा निघाल्यासारखं वाटतं. त्याचं उत्पन्न एड्सग्रस्तांसाठी काम करणाऱ्या टेरेन्स हिगिन्स ट्रस्टला दिलं. १९८६ च्या ‘हॉर्स रोटोवेटर’वरही त्या आजाराने गेलेल्या मित्रांची सावली आहे. आमच्याकडे तेव्हा अशा माणसाला ‘टीबी झाला होता’ म्हणत आणि विषय बदलत. ज्याचं नाव घ्यायचं नाही त्या मरणाचा शोक सुरांत कसा करायचा, हे मी या लोकांकडून शिकलो.

१९९१ च्या ‘लव्ह्ज सीक्रेट डोमेन’चा भ्रमिष्ट नाच लगेच आवडला. १९९८ च्या ‘टाइम मशीन्स’ने मात्र दमवलं. चार लांबलचक तुकडे, ताल नाही, शब्द नाहीत. प्रत्येकाला भ्रम आणणाऱ्या एकेका रसायनाचं नाव. त्यात काही घडण्याची वाट पाहणं सोडलं, तेव्हा कुठे ते ऐकू यायला लागलं.

पुढच्या नाटकासाठी मी रेकॉर्डर घेऊन वडील मुकादम होते त्या जिनिंगमध्ये गेलो. लहानपणी त्या धडधडीपासून पळायचो. रोलरचा आवाज टिपला, खूप संथ केला आणि दुसऱ्या अंकाखाली अंथरला. परीक्षकांनी दखल घेतली नाही. वडील प्रयोगाला आले होते. घरी जाताना म्हणाले, “दोन नंबरची मशीन व्हती का रे? तिचं बेअरिंग गेलंय.”

बॅलन्स २००४ मध्ये गेला, क्रिस्टोफरसन २०१० मध्ये बँकॉकला. या दोघांचे आभार मानायचे राहूनच गेले. संचात पार्श्वसंगीत करायला नवी मुलं येतात, त्यांना मी आधी ‘टेन्टेड लव्ह’ ऐकवतो, मग ‘हेलरेझर’. ‘टाइम मशीन्स’ मात्र कुणी मागितल्याशिवाय देत नाही.